मग दिवसभर करते काय?

मुलगी सहा वर्षांची आहे आणि शाळेत जात नाही, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. "मग दिवसभर करते काय?"

परवा अर्धा तास ती एका मुंगीमागे उकिडवी बसून होती. मुंगी स्वतःपेक्षा मोठा मेलेला किडा उलट्या पावलांनी ओढत होती. वाटेत काडी आली, तर तिला वळसा घालून पुन्हा त्याच दिशेला. "मुंगीला पाय किती गं?" हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण जीभ चावली. रात्री तिने बाबाला सगळं साभिनय सांगितलं. त्यात सहा पाय आले आणि मला सुटलेली एक गोष्टही आली: काडीपाशी किडा खाली ठेवून मुंगी आधी रिकामीच पुढे जाऊन आली होती.

ही 'सांगू देण्याची' रीत माझी नाही. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षिकेची. चांगल्या पुस्तकातला उतारा एकदाच वाचायचा, मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. सहाव्या वर्षापर्यंत औपचारिक धडे नकोत, पण रोज भरपूर वेळ उघड्यावर हवा, असं त्यांचं म्हणणं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात अवघड जातं ते आपलं गप्प बसणं. आपल्याला सवय प्रश्न विचारून माप घ्यायची. भीतीपोटी मीही तीन वर्कबुकं आणली होती. सध्या त्यांत पानं वाळत घातली आहेत.

चंद्राचंही तसंच झालं. तो रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो हे मी सांगितलं नव्हतं. "काल यावेळी झाडाच्या वर होता, आज आलाच नाही," असं तीच म्हणाली. मग आठवडाभर वहीत चित्रं. दोन दिवस ढग होते, तिथे तिने नुसतं काळं फासलंय.

पण 'निसर्गच सगळं शिकवतो' असं कुणी म्हणालं की मला चीड येते. अक्षरं झाडाला लागत नाहीत. बाराखडी मी रोज पंधरा मिनिटं बसवून, क्रमाने शिकवते. जोडाक्षरांपाशी दोघी रडकुंडीला येतो. काही मुलं आपोआप वाचू लागतात, बरीच लागत नाहीत, आणि त्यांना 'वेळ आली की येईल' म्हणत सोडून देणं हा आळस आहे. शिवाय आमच्या घरी एकाच्या पगारात भागतं म्हणून हे जमतं. ज्यांचं भागत नाही त्यांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. जर्मनीसारख्या देशात तर शाळेत घालणं सक्तीचंच आहे.

सोबतीचा प्रश्न मात्र खरा आहे. संध्याकाळी खेळायला मुलं मिळतात, पण सकाळ लांबलचक असते आणि कधीकधी तिचा कंटाळा मला दिसतो. म्हणून पुढच्या वर्षी शाळेचं काय ते तिलाच विचारून ठरवू म्हणतोय. तिची चौकशी सध्या एवढीच आहे, की वर्गात गोगलगाय आणलेली चालते का.