बंदूक खाली ठेवणाऱ्यांचे काय करायचे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हापासून ग्वाल्हेरच्या आमच्या दौलतगंजातल्या घरी एकच वाद पेटला आहे. थोरल्या दादांचे म्हणणे असे की, जवानांचे रक्त सांडणाऱ्यांना पुनर्वसनाचे पैसे देणे हा हुतात्म्यांचा अपमान आहे. मी फोनवर विरोध केला की लगेच "तू बेलफास्टला बसून आम्हाला शिकवू नकोस," हे ठरलेले उत्तर येते. मला त्याचा संताप येतो, कारण हे बोलणारा माणूस चंबळच्या मुलखातला आहे.

एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या गांधी सेवा आश्रमात मोहरसिंह आणि माधोसिंह या डाकूंनी जयप्रकाश नारायणांसमोर बंदुका ठेवल्या, त्या फाशी होणार नाही या भरवशावरच. त्यांतले अनेकजण मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात राहिले आणि मोहरसिंह तर पुढे मेहगावच्या नगर पंचायतीचा अध्यक्ष झाला. एवढ्याने डाकू संपले नाहीत. मलखानसिंह १९८२ मध्ये आणि फूलनदेवी १९८३ मध्ये भिंडलाच शरण आले. हा सगळा इतिहास आमच्या घरी अभिमानाने सांगितला जातो. टोळ्यांनी ज्यांची माणसे मारली त्यांना काय वाटले असेल, हे मात्र तेव्हाही कोणी विचारले नाही.

इथे उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे मेल्यावर १९९८ चा शांतता करार झाला, त्याला ७१ टक्के मतदारांनी होकार दिला आणि खुनासाठी शिक्षा झालेले कैदीही दोन वर्षांत सुटले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शस्त्रे पूर्णपणे निकालात काढायला २००५ उजाडले. पण मधल्या काळात, २००१ पासून, पोलीस दलाचे नाव बदलले आणि नव्या भरतीत निम्मी जागा कॅथलिकांना मिळू लागली. दादांनी लक्ष द्यावे ते इथे. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये शरण आलेल्या माओवाद्यांच्या हाती पुन्हा बंदूक देऊन त्यांना पोलिसांच्या जिल्हा राखीव दलातून जुन्या साथीदारांवरच पाठवले जाते. सलवा जुडूम या माओवादविरोधी मोहिमेतल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवल्यानंतरही हीच वाट धरली गेली. माझा आक्षेप त्यावर आहे, पुनर्वसनाच्या पैशांवर नाही. गावातल्या आदिवासी बाईला तक्रार घेऊन निर्धास्तपणे ठाण्यात जाता येईपर्यंत तिथली लढाई संपली असे मी मानणार नाही.

बेलफास्टमध्ये सगळे सुरळीत झाले, असा माझा दावा नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीतले लॅनार्क वेचे फाटक रात्री बंद झाले की टॅक्सी आजही वळसा घालूनच जाते. मी कुठल्याच बाजूचा नसल्यामुळे भिंतीच्या दोन्ही अंगांना माझे स्वागत होते. पण ज्या सहकाऱ्याचे वडील त्या काळात मारले गेले, त्याच्यासमोर सुटलेल्या कैद्यांविषयी बोलण्याचे धाडस मला इतकी वर्षे राहूनही झालेले नाही, कारण या दुःखात माझा वाटा नाही. ग्वाल्हेरशी मात्र मी हक्काने भांडतो, आणि तेवढा एक हक्क गमावण्याची मला भीती वाटते. दादांनी माझे म्हणणे खुशाल खोडून काढावे. मी कुठे राहतो, हे कारण पुढे करू नये.