‘बघू या’ म्हणणाऱ्यांची ॲमस्टरडॅम सहल
ॲमस्टरडॅमचा विषय निघाला की आमच्या मंडळींना कालव्यातल्या बोटीवरची छायाचित्रे लगेच सुचतात, मात्र तारीख विचारली की प्रत्येकाचे उत्तर ‘बघू या’ हेच असते. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी ६ आठवडे पुढच्या तारखांसाठी खुली होतात आणि पाहता पाहता संपतात, हे यांना किती वेळा सांगायचे? खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर लागतो हे कळल्यावर तर चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. (व्हिसाचे नाव मी अद्याप काढलेलेच नाही.) ‘तिकडे गेल्यावर मिळेल की तिकीट’ म्हणणारे महाभाग हेच, आणि मेच्या मध्यापर्यंतच उघडी असणारी क्यूकेनहॉफची ट्युलिप बाग ऑगस्टमध्ये पाहायचा हट्ट धरणारेही हेच!