शेतीनं सांगली मागं पडली म्हणे!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तीनदा येऊन गेला. टाकणारा दर वेळी वेगळा, खालचे अंगठे तेवढेच. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: राज्यातली निम्मी माणसं शेतीत राबतात, पण राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम 12 टक्के, म्हणजे शेतीत दारिद्र्यच पिकतं. सांगली ऊस, हळद, द्राक्षात अडकली म्हणून मागं पडली. दुष्काळी तालुक्यांना पाणी उचलून देणं हा पांढरा हत्ती. हळद तर इथं पिकतही नाही, नुसता नावाचा डंका. म्हणून पोरं पुण्याला पळतात. उपाय एकच, एखादी मोठी कंपनी आणा.

आधी 12 टक्क्यांचं बघू. आकडा खोटा नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यातले निम्म्याहून जास्त कामकरी शेतकरी किंवा शेतमजूर होते, हेही खरं. पण हे 12 टक्के मोजताना शेती कुठं संपवतात? ऊस फडात आहे तोवर शेती. मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडली की पुढची साखर उद्योगाच्या खात्यावर. भिलवडीच्या आसपासच्या गोठ्यातलं दूध शेतीत, त्याचंच श्रीखंड झालं की कारखानदारीत. ट्रकचं भाडं, अडत, कोल्ड स्टोरेजची पावती, सगळं सेवा क्षेत्रात. आमच्यासारख्या जिल्ह्यात शेतीच्या जिवावर फिरणारा पैसा असा तीन वह्यांत वाटला जातो, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातली एकच उघडलीय. निम्म्या माणसांच्या वाट्याला कमी येतं हे मला मान्यच आहे. ते का येतं, तिथं मात्र आमचं जुळत नाही.

आता ‘अडकली’ या शब्दाकडे येतो, कारण तो मला झोंबला. आमची तासगाव तालुक्यात थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची दोन एकर बाग. एका वर्षी एका दलालानं बाग तोलून नेली, निम्मे पैसे रोख दिले आणि उरलेल्या निम्म्यांसाठी तो आजतागायत फोन उचलत नाही. पिकलेला घड वेलीवर फार दिवस थांबत नाही. हे त्याला माहीत असतं आणि आपल्यालाही, म्हणून दर तो सांगतो.

पुढच्या साली आम्ही बेदाणा करायला शेड भाड्यानं घेतलं. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे आणि पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसायचं. ढग आले की पोटात गोळा. अवकाळीचा एक शिंतोडा बेदाणा काळा पाडतो. सुकला की झाडणी, मग बायका ओळीनं बसून काड्या वेचतात, गंधकाची धुरी, चाळणीवर प्रतवारी, बॉक्स, कोल्ड स्टोरेज. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वजन तीन चतुर्थांश गेलं, पण हातात काय आलं? थांबायची सोय. द्राक्षाला दिवस मोजावे लागत होते, बेदाण्याला दिवाळी बघता येते, रमजान बघता येतो. त्या पंधरा दिवसांत गावातल्या किती बायाबापड्यांची हजेरी निघाली, तो हिशेब वेगळाच. सौद्यात व्यापारी ताटलीतला माल मूठमूठ हाताळून खाली सांडतात तेव्हा जीव जळतो, पण द्राक्षाच्या दलालापुढं जळायचा त्याच्या निम्मासुद्धा नाही.

पाण्याचं म्हणाल तर ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजना स्वस्त नाहीत. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढवायचं म्हणजे वीज लागणारच. वीजबिलाचा 81 टक्के भार शासनावर आणि 19 टक्के शेतकऱ्यावर, असं ठरवावं लागलं ते त्यामुळंच. पण नागज फाट्याकडे गेलात तर रस्त्याकडेची बेदाण्याची शेडं बघा. बागेला पाणी हवं आणि बेदाण्याला कोरडी हवा. कवठेमहांकाळ-जतकडं हवा पहिल्यापासून होती, पाणी तेवढं नव्हतं. मेसेजवाल्याला पाण्यावर बोट ठेवायचंच होतं, तर खाली वाळवा, पलूस, मिरजेच्या कृष्णाकाठावर ठेवायचं. उसाला पाणी पाजून पाजून तिथली काळी रानं क्षारपड झालीत. त्यावर एक ओळ नाही.

हळदीचं अर्धं बरोबर. सांगलीच्या पेठेत येणारी पुष्कळ हळद मराठवाड्यातून आणि तेलंगण-कर्नाटकातून येते. मग परमुलखातली हळद इथं कशाला येते? हरिपूरची पेवं आठवा. जमिनीत खोल खोदलेली, तोंड मातीनं लिंपलेली. आत हवा खेळत नाही म्हणून कीड नाही. माल टिकतो, पारखणारा आहे, पैसे मिळतात, अशी पेठेची पत त्यावर उभी राहिली. 2005 च्या महापुरानं बरीच पेवं बुडवली, साठवण कोल्ड स्टोरेजकडं गेली, पेठ राहिली. सांगलीच्या हळदीला 2018 ला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुसऱ्याच्या मालावर जिल्हा कमावतो, याला मी तरी मागासपणा म्हणणार नाही.

पोरं बाहेर जातात, आणि ती आजची गोष्ट नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगली ती पाणी नव्हतं म्हणून, शेती होती म्हणून नव्हे. त्यांचाच पैसा परत येऊन इथं विहिरी आणि बागा झाल्या. हां, माझा पुतण्या फूड टेक्नॉलॉजी शिकून पुण्याजवळ बिस्किटाच्या कारखान्यात लागला, ते मला बोचतं. त्या बिस्किटातला बेदाणा बहुधा आमच्याच भागातला असणार. बेदाणा बॉक्समधून जातो आणि पाठोपाठ पोरगं. नेमकं हेच काम इथं का नाही, असं मेसेजनं विचारलं असतं तर मीही अंगठा दिला असता.

राहता राहिली मोठी कंपनी. ती 1910 सालीच आलीय की! कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानाच्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला तो लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांवर. गिऱ्हाईक शेतकरी होता. 1939 ला भिलवडीत चितळ्यांनी डेअरी काढली तीही म्हशीच्या दुधावरच. इथं टिकलेल्या मोठ्या धंद्यांची मुळं बघायला गेलं तर पायाला माती लागतेच.

मेसेज तिसऱ्यांदा टाकला तो आमच्या थोरल्या चुलतभावानं. ग्रुपवर वाद नको म्हणून मी त्याला फोन लावला आणि आधी सहज विचारलं, “दादा, बेदाणा काढला का?”

“न्हाई रे. स्टोरेजला ठेवलाय. आत्ता दर पाडून मागायलेत. रमजानपतुर बघू.”