नाटक सुटल्यावर काय बोलावं

नाटक बघणं सोपं असतं. दीड-दोन तास अंधारात गप्प बसता येणाऱ्या कुणालाही ते जमतं. खरी कसोटी लागते ती नाटक सुटल्यावर, खुर्चीखाली गेलेली पाण्याची बाटली वाकून शोधताना. नेमका तेव्हाच शेजारचा विचारतो, ‘काय, कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘आवडलं’ असं उत्तर दिलंत तर तुम्हाला फारसं कळत नाही, हे सिद्ध होतं. ‘नाही आवडलं’ म्हणालात तर काहीच कळत नाही, हे सिद्ध होतं. गेली वीसेक वर्षं पुण्यात पडेल ते नाटक बघून मी या संकटातून सुटण्याची जी विद्या मिळवली, ती इथे फुकट देतो आहे. (फुकट पासावर आलेला माणूस फुकटच देणार, ही टिप्पणी मी आधीच ऐकलेली आहे.)

व्यावसायिक नाटकाचं मत देणं तुलनेनं सोपं. बालगंधर्वला किंवा दादरच्या शिवाजी मंदिरला गेलात तर नाटकाबद्दल बोलावंच लागत नाही. गाडी लावायला जागा मिळाली का, एसी चालू होता का, पुढच्या रांगेतलं पोर किती वेळ चिप्सचं पाकीट चुरचुरवत होतं, एवढ्यात अर्धा तास निघतो. मध्यंतर असतं, मध्यंतरात बटाटेवडा असतो आणि ‘वडा आता पूर्वीसारखा राहिला नाही’ हे आपल्याकडचं सर्वमान्य, परिपूर्ण नाट्यपरीक्षण आहे. त्यात आशय, हाताळणी, परंपरेची जाण, सगळं येतं.

अडचण होते ती छोट्या जागांत. शनिवारातलं सुदर्शन, हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश, ‘द बॉक्स’. इथे माणसं मोजकी, रंगमंच तुमच्या पायांपासून सुरू होतो आणि वडा नसतो. नट हाताच्या अंतरावर रडत असतो. तुम्ही जांभई दिलीत तर ती त्याला दिसते आणि त्याला दिसली हे तुम्हालाही दिसतं. फोनवर किती वाजले बघावं, तर तुमची हनुवटी निळी होऊन नाटकातली अतिरिक्त प्रकाशयोजना ठरते. जुहूच्या पृथ्वीला तर प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, म्हणजे तुमचा चेहरा समोरच्या प्रेक्षकांनाही तिकिटात मिळतो. शिवाय तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे ‘सुरुवातीचं चुकलं म्हणून लिंक लागली नाही’ ही आपली हक्काची सबबही गेली.

अशा ठिकाणी एकच शब्द तारतो. ‘वेगळं.’

हा शब्द कसा उच्चारायचा याचा घरी आरशासमोर सराव करा. ‘वे’वर किंचित थांबायचं, ‘गळं’ला मान हलवायची, डोळे दूर कुठे तरी एक्झिटच्या लाल पाटीवर. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत खोल काही तरी ढवळलं आहे. नाटक अप्रतिम असो, भिकार असो, अर्ध्यात लाइट गेले असोत, ‘वेगळं’ खोटं पडत नाही. मात्र त्याला ‘प्रयत्न’ जोडताना हात आखडता घ्या. ‘वेगळा प्रयत्न’ म्हणजे पडलं. ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हणजे फारच वाईट पडलं. ‘मुलांनी खूप मेहनत घेतली आहे’ म्हणजे तेराव्याला जेवायला बोलवा. हे संकेत सगळ्यांना पाठ आहेत, नटांना तर फारच. एका मुलीचा चेहरा मी ‘मेहनत’ या शब्दाबरोबर विझताना पाहिला आहे. शब्द माझाच होता.

थोडं तांत्रिक बोलायचं झालं तर ‘वीस मिनिटं कापता आली असती’ हे कायम खिशात असू द्या. यासाठी नाटक पूर्ण बघण्याचीही गरज नाही. पन्नास मिनिटांच्या दीर्घांकाला पंधरा मिनिटं उशिरा आलेले एक गृहस्थ हे वाक्य बोलताना मी स्वतः ऐकले आहेत. त्यांच्यापुरती पंधरा त्यांनी आधीच कापली होती, उरलेल्या पाचांसाठी तक्रार होती. ‘संहितेवर अजून काम व्हायला हवं होतं’ हेही चांगलं. कुठलं काम, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलंच तर म्हणा, ‘दुसऱ्या अंकात पकड सुटते.’ नाटक एका अंकाचं असेल तर ‘मध्यानंतर’ म्हणा.

आता ब्रेश्ट. हा जर्मन नाटककार छोट्या नाट्यगृहांतल्या प्रेक्षकांना फार उपयोगी पडला आहे. नेपथ्यात सोफा, खिडकी, फ्रिज असं ओळखीचं काही नसून नुसते काळे ठोकळे असतील, तर बेलाशक ‘ब्रेश्टियन’ म्हणून टाका. ठोकळ्यावर बसलं की खुर्ची, उभं राहिलं की डोंगर, उलटा केला की तिजोरी. यात ‘प्रेक्षकाला भावनेत वाहू न देता विचार करायला लावणं’ वगैरे आहे, असं सांगा. सोफा टेम्पोत घालून आणायचा तर टेम्पोचं भाडं त्या दिवसाच्या तिकीटविक्रीपेक्षा जास्त होतं आणि ठोकळे कुणाच्या तरी जुन्या वॅगनारमध्ये दोन खेपांत बसतात, हे कारण तुम्हाला कुणी सांगायला आलंच तर ऐकू नका. त्यानं कलेचा गूढपणा जातो. तसंच नटांनी सगळ्यांनी काळे टी-शर्ट घातले असतील, तर तो ‘व्यक्तित्वाचा लोप’ समजावा. प्रत्येकाच्या घरी काळा टी-शर्ट असतोच आणि कपडेपटाला द्यायला पैसे नसतात, ही आतली गोष्ट आहे.

पण खरा जाणकार ओळखला जातो तो त्याच्या भूतकाळावरून. समोर काय चाललंय याला महत्त्व नाही, तुम्ही पूर्वी काय बघितलंत हे महत्त्वाचं. ‘आम्ही छबिलदासला बघायचो तेव्हा...’ एवढं म्हणून वाक्य सोडून द्यायचं. पुढचं वाक्य लागत नाही, ऐकणारा आपोआप खचतो. फक्त जरा गणित सांभाळा. दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं प्रयोग सुरू केले १९७४ साली. तुमचा जन्म ऐंशीचा असेल तर ‘वडिलांच्या मांडीवर बसून’ असं जोडावं. नव्वदचा असेल तर छबिलदास गल्लीतला वडा खाल्लेला असतोच, तेवढ्यावर भागवा. गल्ली तीच आहे.

पुणेकरांसाठी याहून वरचा दर्जा उपलब्ध आहे. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनं म्हणजे पीडीएनं (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं) ते थांबवलं, मग मंडळी बाहेर पडली, थिएटर अ‍ॅकॅडमी निघाली आणि १९७४च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं राहिलं. तर, त्या पहिल्या एकोणीस प्रयोगांतल्या एकाला तरी आपण होतो असं सांगणारी जेवढी माणसं मला आजवर भेटली आहेत, तेवढी बसवायची तर भरतच्या छपरावर आणखी दोन मजले चढवावे लागले असते. एक सद्गृहस्थ तर प्रेक्षकांत बसायला तयारच नव्हते. नाटकात ब्राह्मणांच्या रांगेचा तो प्रसिद्ध पडदा होतो ना, त्यात डावीकडून चौथे आपण होतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी तेव्हाचे फोटो बघितलेले आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. माणूस नमस्कार घेण्याच्या वयाचा होता, आणि पुढच्या खेपेला कदाचित मलाही त्या रांगेत उभं राहावं लागेल.

भूतकाळ झाला की मृत्यू. ‘मराठी रंगभूमी संपली’ हे मत वर्षातून एकदा, शक्यतो ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी व्यक्त करावं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली याच तारखेला. ६ नोव्हेंबरला सकाळी कट्ट्यावर कुणी तरी ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणालं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बोलपट आले तेव्हा रंगभूमी संपली. १९७२च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा ती परत संपली. त्याच डिसेंबरात ‘घाशीराम’ आलं, पण अशा वेळी तारखा लावून बघायच्या नसतात. आता मोबाइलवर मालिका आल्यानं ती पुन्हा संपते आहे. हे सगळं सांगताना तुम्ही गेल्या सहा महिन्यांत तिकीट काढून किती नाटकं पाहिलीत, असा उर्मट प्रश्न कुणी विचारलाच तर म्हणा, ‘बघण्यासारखं आहे काय?’

आता सगळ्यात अवघड जागा. दार.

छोट्या जागेतलं नाटक संपलं की नट आत जाऊन लपत नाहीत. विंग नसते, लपायला जागा नसते. दहा मिनिटांपूर्वी ज्यानं तुमच्या देखत बापाचा खून केला, तो काजळ अर्धवट पुसून दाराशी उभा असतो, हातात स्टीलचा डबा. ‘प्रवेशमूल्य ऐच्छिक’ असं घोषणेत सांगितलेलं असतं. डब्याला झाकण नसतं, म्हणजे आत काय पडतं ते मागच्याला दिसतं. यावर उपाय म्हणजे नोट आधीच चौघडी करून मुठीत ठेवावी; शंभराची घडी आणि पाचशेची घडी सारखीच दिसते. नोट टाकताना दुसऱ्या हातानं नटाचा खांदा दाबावा आणि म्हणावं, ‘बोलू आपण. निवांत बोलू.’

हे वाक्य पाठच करा. मी ते निदान चाळीस जणांना म्हटलं आहे. त्यातल्या एकाही माणसाशी मी पुढे निवांत बोललेलो नाही.

एकदाच फसलो. लाइट्स करणारा मुलगा होता, विशी-बाविशीचा, वायर गुंडाळत उभा. मी त्याचा खांदा दाबला, वाक्य म्हटलं आणि तो म्हणाला, ‘सर, आत्ताच सांगा ना. तो विहिरीचा सीन अंधारा वाटला का? आम्ही रोज बदलतोय, जमतच नाहीये.’ वायर त्यानं कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळत आणली होती आणि तशीच धरून थांबला. सीन अंधारा होता. त्या सीनमधल्या मुलीचा चेहरा दिसायला हवा होता, दिसला नव्हता. हे मला ठाऊक होतं. मी काय सांगितलं? ‘अंधाराचीही एक भाषा असते.’ त्यानं मान डोलावली, आणि पुढच्या प्रयोगाला म्हणे तो सीन आणखी काळोखा केला.

खरं मत कुठे द्यायचं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दारापासून निदान दोनशे मीटर लांब. चहाची टपरी उत्तम. तिथे पोचेपर्यंत एकानेही तोंड उघडायचं नाही, नुसतं एकमेकांकडे बघून गालात हसायचं. पहिला घोट घेतल्यावर कुणी तरी ‘अरे, काय होतं रे ते?’ म्हणतो आणि मग सुटतं सगळं. तो मधला संवाद, ती नायिकेची विग, तो शेवटचा अनावश्यक ब्लॅकआउट. इथे आपण खरंच चांगलं बोलतो, नेमकं बोलतो, दिग्दर्शकाच्या कामाला येईल असं बोलतो. दिग्दर्शक मात्र तिथे नसतो. तो मागे ठोकळे वॅगनारमध्ये भरत असतो. घरी पोचल्यावर ‘सुन्न! नक्की बघा!! संपूर्ण टीमचं अभिनंदन’ असं स्टेटस टाकून झोपावं.

एवढं सगळं अंगी बाणवूनही एक दक्षता राहतेच. शेजारी कोण बसलंय ते बघा. साठ खुर्च्यांच्या प्रयोगात चाळीस माणसं नटांच्या घरची असतात, उरलेली दुसऱ्या नाटकांतले नट. मागच्या महिन्यात अशाच एका प्रयोगाला दहा मिनिटांची सुट्टी होती. शेजारी सुती नऊवारीतल्या, जाड भिंगांच्या एक आजी. एकट्याच आलेल्या. मला वाटलं, वाट चुकून आल्या असाव्यात, जरा मार्गदर्शन करावं. मी सांगितलं, वेगळं आहे, ब्रेश्टियन आहे, पण तो मधला उंच मुलगा अगदीच लाकडी, हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नाही. आजींनी नीट ऐकून घेतलं. मग पिशवीतून पितळी डबा काढला, झाकणावर दोन खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘घ्या. लहानपणापासून तसाच आहे तो. फोटोतसुद्धा हात मागेच.’

दुसरा भाग मी पापणी न हलवता पाहिला. त्या मुलानं हात मागेच ठेवले होते, आणि एका जागी ते पुढे आणले तेव्हा माझ्या पोटात कालवलं. ते कुणाला सांगितलं नाही.

नाटक सुटलं. मी बाटली शोधत वाकलो तो मुद्दाम जरा जास्तच वेळ. वर आलो तर मुलगा घामेजलेला समोर उभा, आजी त्याच्या दंडाला धरून. ‘अरे, हे मघाशी तुझ्याबद्दलच बोलत होते,’ आजी म्हणाल्या.

‘काय म्हणत होते?’ मुलानं माझ्याकडे बघत विचारलं.

‘वड्या,’ मी म्हणालो, ‘वड्या फार छान झाल्यात म्हणत होतो.’