साडेसहाशेवरचं स्टेशन

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलहून दक्षिणेला जाणाऱ्या आय-६५ हायवेला लागून ब्रेंटवूड गावाजवळ एक मनोरा उभा आहे. साधा सरळसोट नाही. खाली निमुळता, मध्ये फुगलेला, वर पुन्हा निमुळता. दोन लांबलचक पिरॅमिड पायथ्याला पायथा लावून उभे करावेत तसा. सगळा भार खालच्या टोकावर, आणि ते टोक चिनीमातीच्या इन्सुलेटरवर टेकलेलं. उंची ८०८ फूट. मी रोज कामावर जाताना त्याच्याजवळून जाते. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, असेल कुठल्या तरी वीज कंपनीचा.

हा मनोरा डब्ल्यूएसएमचा. एएम बँडवर ६५०. ५ ऑक्टोबर १९२५ ला सुरू झालेलं, कंट्री संगीताचं, म्हणजे इथल्या गावाकडच्या गाण्याबजावण्याचं, सगळ्यात नावाजलेलं रेडिओ स्टेशन. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. तेव्हा त्याच्याबद्दल खूप छापून आलं, बहुतेक सगळं मोठमोठ्या गायकांबद्दल. मला जे सांगावंसं वाटतं ते त्यात कुठे दिसलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे.

माझे वडील, आण्णा, तासगाव तालुक्यात विमा एजंट होते. सायकलच्या हँडलला तपकिरी रेक्झिनची पिशवी, पिशवीत फॉर्म, पावत्या आणि कार्बन पेपर. कुणाच्याही दारात गेले की आधी पाऊसपाणी, द्राक्षाचा भाव, म्हातारीचे गुडघे. विम्याचा विषय चहा झाल्यावर. मी एकदा विचारलं होतं, आण्णा, सरळ मुद्द्याचं का बोलत नाही तुम्ही? ते म्हणाले, "अगं, आधी घरात पाय ठेवायला निमित्त लागतं."

डब्ल्यूएसएम हे अगदी तसलंच निमित्त होतं. नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट इन्शुरन्स कंपनी नावाची विमा कंपनी नॅशव्हिलमध्ये होती. तिचा मोठा धंदा गरिबांच्या छोट्या विम्याचा. आजारपण, अपघात, अंत्यविधीचा खर्च. हप्ता आठवड्याला काही सेंटचा, आणि तो गोळा करायला एजंट दर आठवड्याला दारात. गिरणीतले कामगार, कुळानं शेती करणारे, खाणीतली माणसं. एडविन क्रेग हा कंपनीच्या एका संस्थापकाचा मुलगा, त्याला रेडिओचं वेड. त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना पटवलं आणि कंपनीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर स्टुडिओ झाला. डब्ल्यूएसएम ही अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्याची: वी शील्ड मिलियन्स, आम्ही लाखोंची ढाल आहोत. पुढे स्टेशनचा शनिवार रात्रीचा संगीताचा कार्यक्रम, ग्रँड ओल ओप्री, गाजला, तेव्हा एजंट दार वाजवून सांगायचे की मी ग्रँड ओल ओप्रीवाल्या कंपनीकडून आलोय. दार उघडायचं.

आण्णा २०१६ मध्ये आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना गाडीतून मनोरा दाखवला आणि ही सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मनोऱ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "आठवड्याला हप्ता? म्हणजे वर्षाला बावन्न खेपा एका घरी!" आणि नंतर बराच वेळ गप्प होते. त्या एजंटांचे पाय त्यांना दिसत होते, असं मला वाटतं.

आता गंमत अशी की कंपनीला कंट्री संगीत हवं होतं, असं मुळीच नाही. नॅशव्हिल स्वतःला दक्षिणेतलं अथेन्स म्हणवून घेणारं शहर. इथे विद्यापीठं आणि इथे पार्थेनॉनची हुबेहूब प्रतिकृतीसुद्धा. स्टेशनवर नाचाचे ऑर्केस्ट्रा, अभिजात वादन, चर्चमधली भजनं असं सभ्य काहीतरी चालावं अशी इथल्या बड्या घरांची अपेक्षा. डोंगरातल्या अडाणी लोकांचं फिडल (गावाकडचं व्हायोलिन) आणि बँजो त्यांना नको होतं.

पण २८ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री जॉर्ज हे ('हे' हे त्याचं आडनाव) नावाच्या नव्या स्टेशन डायरेक्टरने अंकल जिमी थॉम्प्सन या ७७ वर्षांच्या म्हाताऱ्याला माइकसमोर बसवलं. जॉर्ज हे मूळचा मेम्फिसचा वार्ताहर, शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर असाच गावरान कार्यक्रम करून आलेला. अंकल जिमी तासभर फिडल वाजवत राहिला. तासानंतर दमलात का असं विचारलं तर तासाभरात कुठे हात तापतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. तोवर ऐकणाऱ्यांच्या तारा (टेलिग्राम) यायला लागल्या होत्या. हे वाजवा, ते वाजवा. ऐकणारी माणसं गावोगावची, आणि त्यांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं की शनिवारची रात्र आपली. बड्या घरांनी नाकं मुरडली, पण पत्रांचे ढीग बघून कंपनी गप्प बसली. कारण पत्रं लिहिणारे तेच होते ज्यांच्या दारात एजंट जात होता.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. हे स्टेशन मालकांनी बांधलं खरं, पण ते काय वाजवणार हे ऐकणाऱ्यांनी ठरवलं. जेव्हा जेव्हा मालकांनी ऐकणाऱ्यांना सोडून निर्णय घेतला, तेव्हा तेव्हा ते चुकले. आणि सगळ्यात मोठी चूक डिफोर्ड बेलींच्या बाबतीत झाली.

डिफोर्ड बेली, जन्म १८९९, टेनेसीतल्या स्मिथ काउंटीतला. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, वर्षभर अंथरुणावर. घरच्यांनी हातात माउथ ऑर्गन दिला. पडल्या पडल्या हा मुलगा जे ऐकू येईल ते वाजवायला शिकला: कुत्र्यांचं भुंकणं, कोंबड्या, आणि दुरून जाणारी आगगाडी. मोठा झाल्यावरही उंची पाच फुटांच्या आतच राहिली, पाठ थोडी वाकलेली. बेली कृष्णवर्णीय. घरात आजोबा फिडल वाजवणारे, आणि बेली त्या घरच्या संगीताला कृष्णवर्णीयांचं हिलबिली, म्हणजे डोंगरी गावरान, संगीत म्हणत. हे लक्षात ठेवा, कारण कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत असं आजही सहज बोललं जातं.

१० डिसेंबर १९२७. स्टेशनवर आधी एनबीसी या देशभरच्या रेडिओ जाळ्याचा अभिजात संगीताचा कार्यक्रम लागला होता, संचालक वॉल्टर डॅमरॉश. त्यात एका तरुण संगीतकाराची आगगाडीच्या आवाजावरची रचना झाली, आणि डॅमरॉश बोलून गेले की अभिजात संगीतात असल्या वास्तवाला खरं तर जागा नाही. तो कार्यक्रम संपला, शनिवारचा बार्न डान्स (फिडल-बँजोच्या कार्यक्रमाचं तेव्हाचं नाव) सुरू झाला. जॉर्ज हे म्हणाला, आता पुढचे तीन तास इथे वास्तवच. आणि त्याने बेलींना पुढे केलं. बेलींनी 'पॅन अमेरिकन ब्लूज' वाजवलं. पॅन अमेरिकन ही एल अँड एन रेल्वेची नावाजलेली गाडी. ती दुरून येते, शिट्टी देते, पुलावर आवाज बदलतो, वेग धरते आणि निघून जाते. हे सगळं तळहाताएवढ्या माउथ ऑर्गनवर, एकट्या माणसाच्या श्वासावर! वादन संपल्यावर जॉर्ज हे म्हणाला की तासभर आपण ग्रँड ऑपेरा ऐकला, आता ऐका ग्रँड ओल ओप्री. तेच नाव कायमचं झालं.

मी हे रेकॉर्डिंग शेकडो वेळा ऐकलं असेल. माझं माहेर मिरजेपासून जवळ. लहानपणी रात्री वारा त्या बाजूचा असला की जंक्शनवरच्या गाड्यांच्या शिट्ट्या येत, अंथरुणात पडून ऐकायचो. पहिल्यांदा पॅन अमेरिकन ब्लूज ऐकलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली होती. शिट्टी लांब जाताना शेवटी जी बारीक होत जाते, ती जागा ऐका. तीन वर्षांच्या मुलाने खाटेवर पडून ऐकलेली गाडी आहे ती.

(पुढे १९३३ पासून स्टेशनने खऱ्या पॅन अमेरिकन गाडीची शिट्टी रोज प्रसारित करायला सुरुवात केली. रूळ मनोऱ्याच्या जवळूनच जातात, तिथे माइक लावला होता. पण बेलींची गाडी त्याच्या आधीची.)

ओप्रीचे ते पहिल्या फळीचे कलाकार. १९२८ मध्ये नॅशव्हिलमध्ये व्हिक्टर कंपनीने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते होते. तीसच्या दशकात रॉय अकफ, बिल मन्रो ही पुढे प्रचंड मोठी झालेली मंडळी तेव्हा नवखी, आणि दौऱ्यांवर गर्दी जमायची ती बेलींच्या नावावर. रेडिओवर रंग दिसत नाही. अनेकांना तिकीट काढून आत गेल्यावरच कळायचं की आपण इतकी वर्षं ज्याला ऐकतोय तो कृष्णवर्णीय आहे. टाळ्या वाजवायचे सगळेच. पण कार्यक्रम संपला की बाकीचे हॉटेलात आणि बेलींना तिथे खोली नाही, खाणावळीत पुढच्या दाराने प्रवेश नाही. अंकल डेव्ह मेकन हा बुजुर्ग बँजोवाला, हा माझा नोकर आहे असं सांगून त्यांना आपल्या खोलीत घ्यायचा असं सांगतात. चांगुलपणासुद्धा अशा वाटेने करावा लागत होता.

१९४१ मध्ये त्यांना काढलं. निमित्त रॉयल्टीच्या भांडणाचं. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या अ‍ॅस्कॅप या संस्थेने रेडिओकडून जास्त पैसे मागितले, रेडिओवाल्यांनी बीएमआय नावाची स्वतःची संस्था काढली आणि अ‍ॅस्कॅपकडच्या चाली रेडिओवर वाजवणं बंद केलं. बेलींच्या गाजलेल्या चाली त्यातच अडकल्या. नवं वाजवा म्हणाले. पंधरा वर्षं लोकांनी जुनंच मागितलं होतं, आणि स्टेशननेही तेच वाजवून घेतलं होतं. भांडण त्याच वर्षी मिटलं, पण बेलींना परत बोलावलं नाही. चार वर्षांनी जॉर्ज हे याने छापून लिहिलं की ते आळशी होते, नवं शिकत नव्हते, आणि त्यात त्यांच्या वंशाचा उल्लेखही केला. ज्या माणसाच्या श्वासावर कार्यक्रमाचं नाव ठेवलं, त्याच्याबद्दल हे!

बेलींनी पुढची कित्येक वर्षं नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचं दुकान चालवलं. स्टेशन चालूच होतं. त्यांनी ओप्रीवर पुन्हा वाजवलं ते थेट १९७४ मध्ये, जुन्या कलाकारांच्या कार्यक्रमात. १९८२ मध्ये ते गेले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २००५ साली, मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

मला या स्टेशनचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. शंभर वर्षांच्या लेखांमध्ये बेलींना एक परिच्छेद मिळतो, 'पहिले कृष्णवर्णीय कलाकार' म्हणून. ते वेगळे काढून दाखवायचे कुणी नव्हते. ते या कार्यक्रमाचा पायाच होते.

मनोऱ्याचंही थोडं सांगते, कारण सगळ्यांना ऐकू गेलं ते त्याच्यामुळे. १९३२ मध्ये स्टेशनला ५० हजार वॉटची ताकद मिळाली आणि हा मनोरा उभा राहिला, तेव्हा ८७८ फूट. दूरच्या भागात आवाज विरत होता म्हणून १९३९ मध्ये वरचा भाग कापून ८०८ केला, म्हणजे उंची कमी करून आवाज सुधारला. ६५० ही लहर रात्री जवळपास एकट्या या स्टेशनला राखून दिलेली होती. दिवसा एएमची ही मीडियम वेव्ह फार लांब जात नाही. सूर्य मावळला की आकाशातला तिला शोषणारा थर नाहीसा होतो आणि वरच्या थरावरून ती परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरते. आपल्याकडे रात्री जुन्या रेडिओवर मध्येच परमुलखातली भाषा लागायची, ती याच कारणाने. शनिवारी रात्री केंटकीच्या खाणवस्तीत, अलाबामाच्या कापसाच्या शेतात, सगळे शेजारी मिळून एका घरी बॅटरीवरच्या रेडिओभोवती बसत. वीज अनेक गावांत नव्हती. बॅटरी शनिवारसाठी जपून ठेवत.

स्टेशनचे मुख्य इंजिनियर जॅक डिविट. याच माणसाच्या गटाने १९४६ मध्ये सैन्यासाठी काम करताना चंद्रावर रडारची लहर आपटवून परत मिळवली. स्टेशनच्या तीन इंजिनियरांनी शहरातल्या टुलेन हॉटेलात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला, आणि नॅशव्हिलच्या रेकॉर्डिंगच्या धंद्याचं मूळ तिथे आहे. शहराला 'म्युझिक सिटी' हे नावसुद्धा १९५० मध्ये इथल्याच डेव्हिड कॉब या निवेदकाच्या तोंडून पडलं.

ओप्रीची रायमन सभागृहातली वर्षं, गायक हँक विल्यम्स, १९७४ चं नवं ओप्री हाउस, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मी सोडून देते.

विमा कंपनी ऐंशीच्या दशकात विकली गेली, स्टेशन दुसऱ्या मालकांकडे गेलं. २००२ च्या सुरुवातीला बातमी फुटली की ६५० वर संगीत बंद करून खेळांच्या चर्चा सुरू करायचा विचार आहे. लोक फलक घेऊन रस्त्यावर आले. गायक आले, निवृत्त ट्रकवाले आले, म्हाताऱ्या बायका आल्या. विचार मागे घेतला गेला. १९२५ च्या तारा आणि २००२ चे फलक, मला दोन्ही एकच वाटतात.

आणि मे २०१० चा पूर. कंबरलँड नदी ओप्री हाउसमध्ये शिरली, रंगमंचावर जवळपास चार फूट पाणी. रंगमंचाच्या मधोमध सहा फूट व्यासाचं ओकच्या लाकडाचं एक वर्तुळ आहे, जुन्या रायमनच्या रंगमंचातून कापून आणलेलं. ते बुडालं. स्टेशनचा स्टुडिओही रिकामा करावा लागला. मग निवेदक गेले कुठे, तर ब्रेंटवूडला, मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या इमारतीत, आणि तिथून प्रसारण चालू ठेवलं. ओप्रीचा कार्यक्रमही दुसऱ्या सभागृहात झाला. वर्तुळ वाळवून, दुरुस्त करून ऑगस्टमध्ये पुन्हा जागेवर बसवलं.

आता गाड्यांमधून एएम रेडिओच काढून टाकायची चर्चा अमेरिकेत चालू आहे, काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून काढलाही आहे. मोबाइलवर सगळं ऐकता येतं हे मला मान्य आहे, मी स्वतः ऐकते. पण पुरात मोबाइलचे टॉवर बंद पडतात तेव्हा पन्नास हजार वॉटचा हा एकटा मनोरा चार-पाच राज्यांना पुरतो. नवी गाडी घेताना मी डीलरला पहिला प्रश्न एएमचा विचारला. तुम्ही इकडे असाल तर तुम्हीही विचारा, त्यांच्या कानावर जायला हवं.

भारतातून ऐकायचं असेल तर स्टेशन इंटरनेटवर आहे. शनिवारचा ओप्री आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला लागतो, हिवाळ्यात साडेसहाला. त्याआधी यूट्यूबवर डिफोर्ड बेलींचं पॅन अमेरिकन ब्लूज शोधा. तीन मिनिटांचं आहे. डोळे मिटून ऐका, आणि गाडी कुठल्या पुलावर आली ते मला कमेंटमध्ये सांगा.