लिलावाआधी दोन प्रश्न विचारा

सरकारला नको असलेली जमीन विकायची म्हटलं की सगळी चर्चा भावावर येऊन थांबते. माझं म्हणणं, लिलावाची पाळी सगळ्यात शेवटी यावी. त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: ही जमीन घेतली कोणाकडून, आणि आज तिची गरज कोणाला आहे?

पहिल्या प्रश्नापायी ब्रिटनमध्ये एका मंत्र्याचं पद गेलं. डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउनची ७२५ एकर जमीन हवाई खात्याने बॉम्बफेकीच्या सरावासाठी सक्तीने घेतली होती. गरज संपल्यावर ती परत घ्यायची संधी मूळ मालकांना मिळेल, असा शब्द चर्चिल यांनी १९४१ मध्ये संसदेत दिला. युद्ध संपलं, सराव थांबला, जमीन मात्र गेली कृषी खात्याकडे. त्यांनी तिचं एकच मोठं शेत करून भाड्याने द्यायचं ठरवलं. एका जुन्या मालकाच्या घराण्याने पिच्छा सोडला नाही. चौकशी बसली आणि जुलै १९५४ मध्ये कृषिमंत्री थॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. पुढे नियमच झाला: सक्तीने घेतलेली जमीन नकोशी झाली आणि तिचं रूप फारसं पालटलेलं नसेल, तर आधी मूळ मालकाला किंवा वारसांना विचारायचं, चालू बाजारभावाने. हा बाजारभाव मला खटकतो. ज्याला तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती, त्यानेच आता वाढीव किंमत का मोजायची? तरी विचारणं भाग पडलं, हेही थोडं नाही.

आपल्याकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१ आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं विनावापर पडलेली जमीन मूळ मालकाला वा वारसांना परत द्यायची, नाहीतर लँड बँकेत, म्हणजे सरकारच्या जमीनसाठ्यात, टाकायची. मालकाचा हक्क आधी, लँड बँक नंतर, असा क्रम त्यात ठामपणे हवा होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेने १९८७ मध्ये कायद्यातच घातलं. केंद्र सरकारची रिकामी इमारत बेघरांच्या कामी येईल का, हे आधी तपासायचं.

पण जमीन नुसती धरून बसणं हेही चांगलं नाही. रिकाम्या इमारतीलाही पहारेकरी लागतो, छत गळतं, आणि तो खर्च लोकांच्याच करातून होतो. मग खाती सोडत का नाहीत? कारण विक्रीचे पैसे बहुधा तिजोरीत जातात. मोजणी, अतिक्रमणं, दूषित माती साफ करणं हे मात्र खात्याच्या माथी. त्यांना त्या पैशातला वाटा मिळायला हवा. शिवाय आपल्या ताब्यात काय काय आहे, हे सरकारला धड ठाऊक तरी कुठे असतं? अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००३ मध्ये सरकारी मालमत्तेची देखरेख हा विषय धोक्याच्या कारभाराच्या यादीत घातला, त्यामागे विश्वासार्ह नोंदी नसणं हेही एक कारण होतं.

म्हणून आधी यादी जाहीर करा: जागा कुठे, किती, कशी मिळाली, सांभाळायला वर्षाला काय लागतं. आक्षेप घ्यायला लोकांना वेळ द्या. कोणीच पुढे आलं नाही तर खुशाल लिलाव करा. शहराच्या मध्यावरची जमीन मात्र विकू नका, मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या. उद्या तिथेच दवाखाना लागला, तर सरकारला आपलीच जमीन चढ्या भावाने परत घ्यावी लागेल.