तो धूर नव्हे, धूळ आहे

सध्या फिरत असलेला फॉरवर्ड असा आहे. वर एका अजस्र इमारतीचा करड्या ढगात बुडालेला फोटो. खाली मजकूर: 'अमेरिकेतलं डेट्रॉइट. जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक, हडसन्स, १९६७ च्या दंगलीत कृष्णवर्णीयांनी जाळून टाकलं. तोपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यूची बाजारपेठ जोरात होती, एका आठवड्यात खेळ खल्लास. घाबरून गोरे पळाले, उरलंसुरलं ॲमेझॉनने संपवलं. आज तिथे कुत्रंही फिरत नाही. वेळीच जागे व्हा.' कोणी जागं व्हायचं आणि कोणाविरुद्ध, हे लिहिलेलं नाही. ते ज्याने त्याने आपापल्या गल्लीला लावून घ्यायचं.

मावशीला हा मजकूर नोव्हायमध्ये राहणाऱ्या मावसभावाकडून आला. नोव्हाय हे डेट्रॉइटचं उपनगर. 'तो तिथलाच आहे, त्याला माहीत असणार' एवढ्यावर घरच्या ग्रुपवरची चर्चा संपली.

आधी तो फोटो. तो १९६७ चा नाही, २४ ऑक्टोबर १९९८ चा आहे. त्या दिवशी हडसन्सची रिकामी इमारत स्फोटकं लावून मुद्दाम पाडली, म्हणजे दंगलीनंतर एकतीस वर्षांनी. नीट पाहिलं तर हे फोटोतच दिसतं. दुकानाला आग लागली तर गालिचे, कपडे, रंग जळतात. धूर काळा असतो आणि वर चढतो. इथला ढग फिकट आहे, जड आहे आणि रस्त्यावरून लोळत पुढे येतोय. ती विटा-काँक्रीटची धूळ. पोलादी सांगाड्याची इमारत पाडताना खांबांवर पोलाद कापणारी स्फोटकं बसवतात आणि ती एकदम न उडवता थोड्या थोड्या अंतराने उडवतात, म्हणजे इमारत स्वतःच्याच पायावर बसते. इथे सुमारे १,२३७ किलो स्फोटकं लागली. काम सोपं नव्हतं, कारण हडसन्स ही एक इमारत नव्हतीच. १९११ पासून १९४६ पर्यंत एकेक तुकडा जोडत वाढवलेला तो ठोकळा होता, प्रत्येक तुकड्याचा सांगाडा वेगळा. पाडताना ढिगारा शेजारच्या पीपल मूव्हर या उन्नत रेल्वेच्या मार्गावर पडला आणि मार्गाचं नुकसान झालं. ही रेल्वे सुरू झाली १९८७ मध्ये. १९६७ च्या दंगलखोरांनी तीही पाडली म्हणायची का?

दंगलीत हडसन्स जळलं नाही. २३ जुलै १९६७ च्या पहाटे ट्वेल्फ्थ स्ट्रीट आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर पोलिसांचा छापा पडला आणि तिथे दंगल पेटली. ती जागा हडसन्सपासून पाच किलोमीटरच्या आसपास आहे. पाच दिवसांत ४३ माणसं मेली, त्यातली ३३ कृष्णवर्णीय होती. अडीच हजारांहून जास्त दुकानं लुटली किंवा जाळली गेली, पण त्यांतली बहुतेक ट्वेल्फ्थ स्ट्रीट, लिनवुड, ग्रँड रिव्हर अशा रस्त्यांवरची, वस्तीतली दुकानं होती. हडसन्सचं डाउनटाउनचं, म्हणजे शहराच्या मध्यभागातलं, दुकान त्यानंतर साडेपंधरा वर्षं चालू होतं. १७ जानेवारी १९८३ ला ते बंद झालं, आणि बंद करणारे मालकच होते.

'तोपर्यंत बाजारपेठ जोरात होती' हे वाक्य तर निव्वळ थाप आहे. डाउनटाउनच्या तीन मोठ्या दुकानांपैकी कर्न्स १९५९ च्या डिसेंबरात बंद पडलं आणि १९६६ मध्ये त्याची इमारत पाडली. दंगलीच्या वेळी वुडवर्ड आणि ग्रॅशिटच्या कोपऱ्यावर त्याची मोकळी जागा होती. रिकाम्या प्लॉटला कोणी आग लावली?

खरी गोष्ट यापेक्षा कंटाळवाणी आहे, म्हणून तिचा फॉरवर्ड होत नाही. हडसन्सने स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः बाहेर नेलं. २२ मार्च १९५४ ला शहराच्या हद्दीबाहेर, एट माइल रोडच्या पलीकडे साउथफील्डमध्ये नॉर्थलँड उघडलं. व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने हे खरेदी-केंद्र आखलं आणि उभं केलं हडसन्सनेच. आखणी हुशारीची होती. मधोमध हडसन्सचं दुकान, भोवती लहान दुकानांची कडी, त्याबाहेर फुकट पार्किंग. गाडी कुठेही लावा, हडसन्सपर्यंत पोचायला लहान दुकानांवरून चालत जावंच लागायचं. मालाचे ट्रक जमिनीखालच्या रस्त्याने यायचे, गिऱ्हाइकाला दिसायचेच नाहीत. आणि लहान दुकानांचं भाडं जायचं हडसन्सच्या कंपनीला. डाउनटाउनमध्ये विक्री घटली तरी कंपनी बुडत नव्हती. घटलेली विक्री आणि वर भाडं, दोन्ही नॉर्थलँडमध्ये मिळत होतं. १९५७ मध्ये ईस्टलँड, १९६५ मध्ये वेस्टलँड. दंगलीच्या आधी तीन. डाउनटाउनच्या दुकानाचा भर होता तो नॉर्थलँड उघडण्याच्या आसपासचा: बारा हजार कर्मचारी, ५१ प्रवासी लिफ्ट, कपडे घालून पाहायच्या ७०५ खोल्या. पुढे उतरणच.

रस्त्यांनीही हात दिला. लॉज फ्रीवे हा महामार्ग डाउनटाउनमधून निघतो आणि थेट नॉर्थलँडच्या अंगाला जातो. वुडवर्डवरची शेवटची ट्राम ८ एप्रिल १९५६ ला धावली, आणि तिथल्या गाड्या मेक्सिको सिटीला विकल्या. गिऱ्हाईक सोपी वाट धरतं. पिशव्या घेऊन बसच्या थांब्यावर उभं राहायचं, की गाडी दाराशी लावायची?

आता सगळ्यात विषारी वाक्य: 'घाबरून गोरे पळाले.' इथे मत नको, अमेरिकेची जनगणना उघडा. डेट्रॉइट शहरात १९५० साली गोरे १५,४५,८४७ होते. १९६० साली ११,८२,९७०. म्हणजे दहा वर्षांत ३,६२,८७७ कमी, आणि दंगलीला अजून सात वर्षं होती. १९७० साली ८,३८,८७७. म्हणजे ज्या दशकात दंगल झाली त्यात ३,४४,०९३ कमी. वजाबाकी स्वतः करून पाहा: दंगलीच्या दशकापेक्षा आधीच्या शांत दशकात जास्त गोरे शहर सोडून गेले. एवढ्या एका तक्त्यावर फॉरवर्डचा अर्धा भाग कोसळतो. स्फोटकं लागत नाहीत.

ते गेले, कारण जाणं स्वस्त होतं. केंद्र सरकारच्या गृहकर्ज हमीवर उपनगरात नवं घर मिळत होतं, आणि ती हमी कृष्णवर्णीय वस्तीच्या आसपास द्यायची नाही असा नियमच होता. एट माइल रोडजवळ १९४१ मध्ये एका बिल्डरने अर्धा मैल लांब, पुरुषभर उंचीची काँक्रीटची भिंत बांधली: एका बाजूला कृष्णवर्णीयांची वस्ती, दुसऱ्या बाजूला त्याची गोऱ्यांसाठीची घरं. भिंत उभी राहिली, मग कर्जाची हमी मिळाली. ती भिंत आजही आहे, जाऊन हात लावता येतो. म्हणजे गोऱ्याला जायला कर्ज आणि काळ्याला थांबायला भिंत.

आणि बाजारपेठ उद्ध्वस्त करण्याचंच बोलायचं तर हेस्टिंग्ज स्ट्रीटचं नाव फॉरवर्डमध्ये कसं नाही? डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीयांची ही मुख्य बाजारपेठ होती: किराणा, न्हावी, औषधाची दुकानं, हॉटेलं, जॅझचे क्लब. क्रायस्लर फ्रीवेसाठी सरकारने ती बुलडोझरने साफ केली. आजूबाजूची ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची वस्ती त्याआधीच 'झोपडपट्टी निर्मूलना'त गेली होती. तिथून उठवलेल्यांपैकी बरेच जण सरकले कुठे, तर ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या आसपास. आधीच दाटीची वस्ती आणखी दाटली. १९६७ मध्ये तीच पेटली.

मनात नसलं तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. दंगलीनंतर गळती थांबली नाही, वाढली. १९७० ते १९८० मध्ये शहराची एकूण लोकसंख्या १५,११,४८२ वरून १२,०३,३३९ वर आली. भीती खरी होती, वस्तीतल्या जळलेल्या दुकानांपैकी बरीच परत उघडली नाहीत, आणि डाउनटाउनमधलं क्रॉलीज हे मोठं दुकान १९७७ मध्ये बंद झालं. आधीच उतारावर असलेल्या गाडीला दंगलीने जोराचा धक्का दिला, असं कोणी म्हटलं तर माझी हरकत नाही. फॉरवर्ड तसं म्हणत नाही.

ॲमेझॉनवर शाई घालवत नाही. ती कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली. हडसन्सला तेव्हा टाळं लागून अकरा वर्षं झाली होती.

'कुत्रंही फिरत नाही' हेही जुनं झालं. हडसन्सच्या जागेवर २०१७ च्या डिसेंबरात नव्या टोलेजंग इमारतीचं काम सुरू झालं. २०२३ च्या अंदाजात शहराची लोकसंख्या कित्येक दशकांनी किंचित वाढलेली दिसली. पूर्वीची खरेदीची गर्दी परत आली असं मात्र नाही, येणारही नाही. आणि ज्या नॉर्थलँडने डाउनटाउनचं गिऱ्हाईक ओढलं, ते २०१५ मध्ये बंद पडलं. तिथे कोणी दंगल केली नव्हती.

मावसभावासाठी एवढंच: नोव्हायमधला ट्वेल्व्ह ओक्स मॉल १९७७ मध्ये उघडला, तेव्हा त्यातल्या मुख्य दुकानांपैकी एक हडसन्सचं होतं. डाउनटाउनच्या दुकानाला कुलूप लागायला तेव्हा पाच वर्षांहून जास्त अवकाश होता.